आधी बसव, मग आवळ

तू फोनवर म्हणालीस, "आजोबा, राउटरचं बिट आपोआप खाली सरकलं आणि सागवानी शटरला हा एवढा खड्डा पडला," तेव्हा मी एकच विचारलं होतं. बिट घालताना कोलेटमध्ये डुगडुगत होतं का? तू म्हणालीस, थोडं डुगडुगत होतं, पण मी नट जीव खाऊन आवळला. तेवढ्यावरून मला कळलं. फोनवर सांगून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून सकाळची कोल्हापूर-पुणे गाडी पकडून आलो.

आण ते बिट. व्हर्निअर दे. हे बघ, दांडी भरली 6 मिलिमीटर. आणि हे कोलेट पाव इंची आहे, म्हणजे 6.35. फरक 0.35 मिलिमीटरचा. डोळ्याला कळायचा नाही, पण बोटाला कळला होता. डुगडुगतंय हे तुझ्या बोटानं तुला सांगितलं आणि तू ते ऐकलं नाहीस. कोलेट म्हणजे काय गं? उभ्या चिरा पाडलेली पोलादी नळी, बाहेरून निमुळती. नट आवळला की ती निमुळत्या घरात ढकलली जाते, चिरा मिटतात आणि दांडीला सगळीकडून सारखी मिठी बसते. पण ही मिठी तिच्या तिच्या मापाचीच. लहान दांडी घातलीस की फक्त तोंड मिटतं, मागची नळी मोकळी राहते. तुझा सगळा जोर नटाच्या आट्यांत गेला, बिटापर्यंत फार थोडा पोचला. त्यात हे स्पायरल बिट. भुसा वर फेकतं, म्हणजे स्वतःला खाली ओढतं. मिनिटाला 30,000 फेऱ्या मारणाऱ्या मशीनमध्ये त्याला सरकायला किती वेळ लागणार?

आवळलं की वस्तू पक्की होते असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. वस्तू पक्की होते ती नीट बसल्यामुळं. आवळणं एवढंच करतं, की बसलेलं उठू देत नाही. आधी बसव, मग आवळ. हे माझं नाही, माझ्या वडलांचं आहे, आणि त्यांनी विजेचं एकही हत्यार हातात धरलं नव्हतं.

ते बैलगाडीची चाकं करायचे. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवायचा. मग शेणकुटांच्या आगीत ती लालबुंद तापवायची, फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची आणि वरून पाणी. धूर, वाफ, लाकूड करकरायचं. त्या धावेला ना खिळा, ना नट. माप बरोबर असलं की वर्षानुवर्षं निघायची नाही, आणि माप चुकलं की कितीही खिळे मारा, ओढ्यात उतरताना गाडी एकीकडं आणि धाव एकीकडं. कुदळीचंही तेच. तिचं भोक निमुळतं असतं. दांडा बारीक टोकाकडून घालायचा, जाड टोक कुदळीशी अडतं. मग प्रत्येक घावाला कुदळ बाहेर झेपावते आणि जाड टोकावर आणखी घट्ट बसते. आपल्याकडं लोक ढिली कुदळ रात्रभर पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं, सकाळी घट्ट वाटते, दुपारच्या उन्हात दांडा वाळला की पुन्हा डुलते. वडील म्हणायचे, ही पाण्याची उधारी.

आता कोलेटचं संपवू, मग दुसरीकडं वळू. बिट आत पूर्ण घाल, तळाला लागलं की दोन-तीन मिलिमीटर मागं घे. का? आवळताना कोलेट बिटाला थोडं आत ओढतं. तळ आधीच लागला असेल तर ओढायला जागा नाही, मिठी अर्धवट राहते. आणि तळाशी राहू नये म्हणून टोकावरही धरू नकोस. दांडीचा बराचसा भाग आत हवा, छोट्या राउटरलाही निदान 20 मिलिमीटर. धारेच्या मुळाशी दांडी जिथं गोलाई घेते तो भाग कोलेटमध्ये जाऊ द्यायचा नाही, कारण तिथं ती सरळ नसतेच. रिकाम्या कोलेटचा नट कधीही आवळायचा नाही. एकदा चेपलं की ते परत आपल्या मापाला येत नाही. तुझ्या त्या सीएनसीवाल्या मित्राकडं ईआर कोलेट असतील, त्यात कोलेट आधी नटामध्ये टक् करून बसवायचं, मग बिट, मग स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा. कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट लावला की ते तिरकं बसतं.

आणि तेल नाही. तुझ्या टेबलावर ते तेलाचं डबडं दिसलं म्हणून सांगतो. गंज येऊ नये म्हणून तू कोलेटला तेल लावतेस, हेतू चांगला आहे. पण तू कोल्हापूरची नात. खासबागेत कुस्ती बघितली आहेस ना माझ्याबरोबर? पैलवान भिडायच्या आधी एकमेकांच्या अंगावर लाल माती का टाकतात? घामट अंगावर पकड बसत नाही म्हणून. कोलेट, दांडी, निमुळतं घर, तिन्ही कोरड्या फडक्यानं पूस. सागवानाच्या भुशातलं तेल जळून कोलेटच्या आत तपकिरी थर बसतो. तो पितळी ब्रशनं काढ. चिरांमधला भुसा फुंकून नको, ब्रशनंच काढ. फुंकलंस की डोळ्यात येतो.

ड्रिलचं चक तू बरोबर वापरतेस, तरी दोन गोष्टी बघितल्या. एक, तू चावी एकाच भोकात लावून फिरवतेस. चकला तीन भोकं आहेत, ती शोभेला नाहीत. एका भोकात आवळलं की जबडे बसतात खरे, पण त्या बाजूचे आटे जास्त ताण घेतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकात चावी घालून बघ, प्रत्येक ठिकाणी ती अजून थोडी फिरते. तेवढं राहिलेलं असतं. दुसरं, बारीक बिट. दोन-अडीच मिलिमीटरचं बिट घाईनं घातलं की ते तीन जबड्यांच्या मधे न जाता दोघांच्या फटीत अडकतं. आवळलं जातं, मशीन चालू केलं की टोक वर्तुळ काढायला लागतं. म्हणून आधी जबडे हातानं हळूहळू मिटव, बिट बोटांत गोल फिरवत राहा, तिन्ही जबडे एकदम टेकले की मग चावी. दांडीचा गुळगुळीत भागच जबड्यात, पिळाचा भाग नाही. बिट फिरून फिरून दांडीवर चरे पडले असतील तर ते आधी कानशीनं घासून काढ. चरे उठलेल्या दांडीवर जबडा कधी सपाट टेकत नाही.

चावीवरून आठवलं. मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. एका शॉपमध्ये, नाव कशाला, मी चक आवळलं आणि चावी तशीच ठेवून मशीन चालू केलं. चावी उडाली, माझ्या कानाजवळून गेली आणि पत्र्याला भोक पाडून बाहेर. हे बघ, मनगटावरची ही खूण तिचीच, जाताना चाटून गेली. आमच्या मेस्त्रींनी शिवी दिली नाही. त्यांनी चावीला सुतळी बांधली आणि माझ्या गळ्यात घातली. महिनाभर. कारखान्यात ठीक, पण घरी जातानाही काढायची नाही असा हुकूम. बसमध्ये कंडक्टर विचारायचा, घराची चावी का गळ्यात? तेव्हापासून माझा नियम असा, की चावी प्लगच्या जवळ वायरला बांधलेली. चावी वापरायची तर प्लग उपटूनच हातात येते. तू तसं केलं नाहीस. आज करून टाक, सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा पुरतो.

हे तीन जबड्यांचं चावीवालं चक ज्यानं केलं तो आर्थर जेकब्स नावाचा अमेरिकन. त्यानं 1902 मध्ये पेटंट घेतलं. पान्यानं आवळायच्या जुन्या चकवर हात आपटून त्याच्या बोटांची सालं निघाली आणि त्या रागात त्यानं हे काढलं, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा सांगीव असो, मला पटते. हत्यारातली चांगली सुधारणा बहुतेक वेळा कुणाच्या तरी सोललेल्या बोटातून आलेली असते.

बिनचावीचं चक असेल तर चक मुठीत धरून मशीन चालू करायची ती सवय मोड. तळहात भाजतो, आणि घड्याळाचा पट्टा अडकला तर मनगट फिरतं. हातानंच आवळ, टिकटिक आवाज येईपर्यंत. भिंतीत हॅमरवर चालवलंस तर मधेमधे परत तपास, हादऱ्यांनी ते ढिलं होतं.

चकच्या आत, जबडे पूर्ण उघडले की तळाशी एक स्क्रू दिसतो बघ. टॉर्च मार. त्याचे आटे उलटे आहेत. चक स्पिंडलवर सुलट्या आट्यांनी बसलेलं असतं. तू मशीन उलटं फिरवून लाकडातला स्क्रू काढतेस तेव्हा चकच सुटायला बघतं, त्याला हा उलट्या आट्यांचा स्क्रू अडवतो. तो पडला असेल आणि कुणी लावला नसेल तर एक दिवस चक बिटासकट तुझ्या हातात येईल. काढायची वेळ आली तर आधी हा स्क्रू घड्याळाच्या दिशेनं, मग चक. कितीतरी जण हा न काढताच चकवर हातोडी मारत बसतात.

आता तुला उलटं वाटेल असं सांगतो. ही भिंती फोडायची हॅमर मशीन. तिचं बिट घातल्यावर ओढून बघ. एक सेंटिमीटरभर मागंपुढं हलतं ना? तू परवा ते सैल आहे म्हणून दुकानात परत घेऊन गेली होतीस. ते सैल नाही. ते तसंच असायला हवं. या पद्धतीला एसडीएस म्हणतात, बॉशनं 1975 मध्ये आणली. जर्मन शब्दांचा अर्थ साधारण 'घाल, फिरव, बसलं' असा. दांडी 10 मिलिमीटरची, तिला चार खोबणी. दोन शेवटपर्यंत उघड्या, त्यांतून फिरवण्याचा जोर येतो. दोन बंद, त्यांत गोळ्या अडकतात आणि बिट बाहेर पडत नाही. मशीनमधला हातोडा फक्त बिटाला ठोकतो, चकला नाही, म्हणून बिट हललंच पाहिजे. बसणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी घट्ट असणं नव्हे, एवढं यातून मी फार उशिरा शिकलो. इथं मात्र दांडीला ग्रीस लाव, कारण इथं घर्षण शत्रू आहे. कोलेटला कोरडं फडकं, हॅमरला ग्रीस. तुझं नेमकं उलटं चाललं होतं. आणि या मशीनला जोडणी लावून साधं चक बसवलंस तर हॅमर बंद ठेव. साध्या चकचे जबडे ठोकून घ्यायला बनवलेले नाहीत.

ग्राइंडरकडं वळू. इथं मी हसणार नाही, तूही हसू नकोस.

तुझ्याकडं दोन आहेत, चार इंची आणि पाच इंची. चार इंची चकतीचं भोक 16 मिलिमीटर, पाच इंचीचं 22.23. तरी तू मार्बल कटरची 20 मिलिमीटर भोकाची डायमंड चकती चार इंचीवर लावली होतीस. मधल्या फटीत काय घातलं होतंस? इन्सुलेशन टेप! अगं, टेप गरम झाली की मऊ होते. चकती केंद्रावरून दोन मिलिमीटर सरकली तर तिचा एक भाग प्रत्येक फेरीला बाहेर झेपावतो. त्या चकतीबरोबर पोलादी रिंग मिळते, 20 ची 16 करणारी. रिंग चकतीपेक्षा जाड असायची नाही, नाहीतर चकतीला दाबून धरणारा फ्लँज तिला टेकतच नाही.

चकतीवर लिहिलेला वेग वाच. 100 मिलिमीटरवर 15,300, 125 वर 12,200, 180 वर 8,500. आकडे वेगळे दिसतात, पण हिशेब एकच आहे: कडेचा वेग सेकंदाला 80 मीटरपर्यंत. तासाला 288 किलोमीटर. चकती फुटली तर तुकडा साधारण या वेगानं निघतो. काही लोक पाच इंची मशीनचा गार्ड काढतात आणि सात इंची चकती चढवतात, खोल कापावं म्हणून. भोक तेच, बसते. मशीन 11,000 नं फिरतं, म्हणजे कडेचा वेग 103 मीटरच्या पुढं आणि चकतीच्या पोटातला ताण दीडपटीहून जास्त, वर गार्ड नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या माणसाचं नशीब मोठं, चकती त्याच्या नाही, शेडच्या दिशेनं फुटली. लाकूड कापायचं दातेरी पातं तर ग्राइंडरला लावायचंच नाही. दुकानात मिळतं, स्वस्त आहे, सगळे सुतार लावतात, हे सगळं मला माहीत आहे. दाते लाकडात रुतले की अख्खं मशीन उसळी घेतं, आणि ते तुझ्या मांडीच्या उंचीवर असतं. लाकडाला करवत आहे तुझ्याकडं. वाद नको.

ही चकतीच्या पाठीमागची धातूची रिंग बघ, महिना आणि वर्ष कोरलंय. लोकांना वाटतं बनवल्याची तारीख. तसं नाही, ती वापरायची शेवटची तारीख आहे. चकतीतलं रेझिन तीन वर्षांनी भरवशाचं राहत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात ओल खाल्ली तर त्याआधीच. चकत्या सपाट ठेव, कोरड्या डब्यात. तू त्या खिळ्याला लटकवून ठेवल्यात, खिडकीशेजारी. पातळ चकती अशानं वाकडी होते.

आता नट. दोन तोंडांचा आहे. एक बाजू सपाट, दुसरीला खांदा. जाड घासायची चकती असेल तर खांदा चकतीकडं, तो तिच्या भोकात बसतो. एक मिलिमीटरची कापायची चकती असेल तर नट उलटा कर, सपाट बाजू चकतीकडं. का? पातळ चकतीला खांदा लावला तर तो खाली फ्लँजला जाऊन टेकतो. पाना लागतो, नट आवळल्यासारखा वाटतो, हाताला समाधान मिळतं, आणि मधे चकती मोकळी. तुझ्या राउटरचीच गोष्ट. एखाद्या मशीनचं वेगळं असू शकतं, म्हणून त्याचं पुस्तक एकदा बघ. लावून झालं की चकती हातानं धरून स्पिंडलविरुद्ध फिरवून पाहा. चकती एकटी फिरली तर बसलेली नाही.

नट फार जोरानं आवळू नकोस. तो काम करता करता स्वतः आवळतो. हे समजून घे, मग कुठल्याही मशीनचा नट कुठल्या बाजूला सुटतो हे कुणाला विचारावं लागणार नाही. मशीन एका दिशेनं फिरतं, काम चकतीला मागं खेचतं, चकती नटाला मागं खेचते. त्या मागं खेचण्यानं नट घट्ट व्हावा असे आटे पाडलेले असतात. म्हणून नट सुटतो तो मशीन फिरतं त्याच दिशेनं. घरातला टेबल फॅन आठव. समोरून बघितलं तर पातं घड्याळाच्या दिशेनं फिरतं, आणि पात्यावरची टोपी सोडवायलाही घड्याळाच्याच दिशेनं फिरवावी लागते. तुझी आजी दर दिवाळीला फॅन धुवायला काढायची आणि दर दिवाळीला मला हाक मारायची. त्या टोपीचं कोडं तिला सुटलं नाही असं ती म्हणायची. मला वाटतं, हाक मारायला तिला निमित्त हवं असायचं. असो. नवीन मशीनला ब्रेक असतो, बटण सोडलं की चकती लगेच थांबते. तिथं हिशेब उलटतो. स्पिंडल थांबतं, नट पुढं जायला बघतो, सुटायच्या दिशेनं. म्हणून ब्रेकवाल्या मशीनचा फ्लँज-नट वेगळा येतो, तो हरवला तर दुसऱ्या मशीनचा लावायचा नाही.

स्पिंडल लॉकचं बटण मशीन फिरत असताना दाबायचं नाही, थांबत आलंय म्हणूनही नाही.

कोपऱ्यातला दोन दगडांचा ग्राइंडर तू पटाश्यांना धार लावायला घेतलास, चांगलं केलंस. उजव्या दगडाचा नट सुलटा, डाव्याचा उलटा. आत्ता सांगितलं तेच गणित. नवीन दगड लावण्याआधी त्याला वाजवून बघ. मधल्या भोकात बोट घालून लटकव आणि लाकडी मुठीनं कडेपासून इंच-दोन इंच आत हलकेच ठोक. चांगला दगड घंटेसारखा खणखणतो. भद्द आवाज आला तर आत चीर आहे, तो टाकून द्यायचा. ओला दगड मात्र चांगला असूनही भद्दच वाजतो, आधी वाळू दे. पातळ कापायच्या चकत्या अशा वाजत नाहीत, त्यांना ही परीक्षा लावू नकोस. दगडाच्या दोन्ही अंगांना कागदी चकती चिकटलेली असते, ती लेबल म्हणून सोलून काढायची नसते. फ्लँज पोलादाचा, दगड खडबडीत. मधे कागद नसला तर दाब दोन-चार उंचवट्यांवरच पडतो आणि दगड तिथूनच तडकतो. दोन्ही फ्लँज सारख्या व्यासाचे हवेत. हत्यार टेकवायचा टेकू आणि दगड यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, पटाशी आत ओढली जाते. दगड झिजला की टेकू पुढं सरकव.

आणि मग हे तू भंगारात घेतलेलं जुनं पिलर ड्रिल. माझा यात जरा जास्तच जीव आहे, रागावू नकोस. याला चकच्या मागं निमुळती दांडी आहे, मोर्स टेपर. 1860 च्या दशकात अमेरिकेत स्टीफन मोर्सनं काढला. वीस मिलिमीटर लांबीला साधारण एक मिलिमीटर निमुळता होतो. इतका मंद उतार, की एकदा आत बसला की घर्षणानंच धरून राहतो, ना नट, ना स्क्रू. वडलांची कुदळ समज. पण एवढ्या मंद उताराला कीसाचा एक कण पुरतो. दांडी एका बाजूला उचलली जाते, मिलिमीटरच्या शतांशानं, आणि बिटाच्या टोकाला तेच डोळ्याला दिसेल एवढं होतं. दांडी पूस, मग घर पूस. घरात बोट घालून फिरव, खडा लागतोय का बघ. पण मशीनचा प्लग काढूनच. मग दांडी आत सरळ, एका दमात, ठामपणे सरकव. नखशिखांत बसल्याचा एक बंद आवाज येतो, तो एकदा ऐकलास की विसरणार नाहीस. टोकाला लाकडी हातोडीचा एक ठोका, बस्स. काढायला स्पिंडलच्या खाचेत ही चपटी पाचर घालून ठोकायची. खाली एक लाकडाची फळी ठेव, नाहीतर चक मशीनच्या टेबलावर पडून दोघांचंही वाटोळं होतं. माझ्या हातून एकदा झालंय. मेस्त्री त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

दांडीवर चरे दिसत असतील तर खडूनं तिच्यावर चार उभ्या रेघा ओढ, आत घालून थोडी फिरव, काढून बघ. खडू सगळीकडं सारखा पुसला गेला तर बसतंय. एकाच ठिकाणी पुसला गेला तर तिथं उंचवटा आहे, तो तेलाच्या दगडानं घास.

गोल करवतीचं फार सांगत नाही. पात्यावरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला. भोकाची रिंग बरोबर, फ्लँजवर भुशाचा डिंक नको. जिगसॉचं पातं घातल्यावर ओढून बघायचं, एवढंच.

पण प्लगचं सांगतो, कारण आल्यापासून तीनदा बघितलं. तू बोर्डाचं बटण बंद करतेस आणि चकती बदलतेस. बटण कुणीही दाबू शकतं. तुझा मदतनीस फोन चार्जिंगला लावायला गेला आणि चुकीचं बटण दाबलं तर? प्लग उपट आणि तुझ्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेव. बॅटरीवालं असेल तर बॅटरी खिशात. बदलून झालं की आधी हातानं एक फेरी फिरव, कुठं घासतंय का ऐक. मग प्लग लाव, बाजूला उभी राहा, चकतीच्या रेषेत नाही, आणि एक मिनिट रिकामं चालू दे. दगड नवीन असेल तर हे मिनिट चुकवायचंच नाही. हादरा आला, वास आला, आवाज बदलला, तर बंद कर आणि सगळं उघडून परत पूस. ड्रिलजवळ सुती हातमोजे नकोत, ओढणी नको, केस बांधलेले.

चल, आता त्या शटरचा खड्डा बघू. बुजवता येईल, सागाचंच ठिगळ तिरकं बसवून. ठिगळालाही तेच, आधी कोरडं बसव, मग सरस. पण त्याआधी सहाचं कोलेट आणायला पाठव कुणाला तरी, बिट बरोबर दे, तोंडी माप सांगू नकोस. आणि चहा ठेव. तोवर मी तो डावा दगड उतरवतो. पाना कुठं ठेवलास?